नाशिकमधील वारसा व वाइन पर्यटन

नाशिक हे महाराष्ट्राच्या उत्तर भागातील, गोदावरी नदीकाठी वसलेले प्राचीन शहर व जिल्ह्याचे मुख्यालय आहे. पंचवटी, रामकुंड व दर बारा वर्षांनी भरणारा सिंहस्थ कुंभमेळा यांमुळे ते तीर्थक्षेत्र म्हणून ओळखले जाते, तर सभोवतालच्या द्राक्षबागा व वाइननिर्मितीमुळे एकविसाव्या शतकात त्यास 'भारताची वाइन राजधानी' असेही संबोधले जाऊ लागले. फ्रान्समधील ऐतिहासिक वाइननगरांमध्ये गावाचा वारसा व वाइनचा इतिहास बहुधा एकत्रच वाढलेला आढळतो. नाशिकमध्ये मात्र लेणी, मंदिरे व वाडे यांचा वारसा दोन सहस्रकांचा आहे, तर वाइनचा व्यवसाय जेमतेम पाव शतकाचा. येथील पर्यटनाचे स्वरूप व त्यापुढील प्रश्न यांची उकल बऱ्याच अंशी या अंतरातून होते.

स्थान व भूरचना

नाशिक शहर दख्खनच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. शहराच्या पश्चिमेस सुमारे ३० किमीवरील त्र्यंबकेश्वराजवळ ब्रह्मगिरी पर्वतावर गोदावरी उगम पावते व शहरातून पूर्वेकडे वाहते. सह्याद्रीच्या माथ्यालगतच्या इगतपुरी व त्र्यंबकेश्वर तालुक्यांत मुसळधार पाऊस पडतो. पूर्वेकडे जावे तसा तो झपाट्याने कमी होतो आणि निफाड, येवला हे भाग तुलनेने कोरडे आहेत. दिंडोरी, निफाड व नाशिक या तालुक्यांतील निचऱ्याची जमीन, कोरडी हवा व हिवाळ्यातील थंड रात्री द्राक्षाला मानवतात. हिवाळ्यात राज्यातील नीचांकी तापमानाची नोंद अनेकदा निफाड येथे होते.

नावाची व्युत्पत्ती

रामायणातील कथेनुसार लक्ष्मणाने शूर्पणखेचे नाक येथे कापले व 'नासिका' या शब्दावरून गावास नाव मिळाले, अशी श्रद्धा आहे. नऊ शिखरांचे म्हणजे नऊ टेकड्यांवर वसलेले गाव ते नाशिक, अशीही एक उपपत्ती सांगितली जाते. मोगल काळात शहराचे नाव 'गुलशनाबाद' होते. मराठ्यांच्या अमलात जुने नाव पुन्हा रूढ झाले.

प्राचीन वारसा

गोदावरीकाठच्या मातीच्या गढीवर १९५०–५१ मध्ये ह. धी. सांकलिया व शां. भा. देव यांनी उत्खनन केले. त्यात ताम्रपाषाणयुगापासूनच्या वसाहतीचे थर मिळाले. तीर्थक्षेत्र म्हणून प्रसिद्ध होण्याच्या कितीतरी आधीपासून येथे मानवी वस्ती असल्याचे त्यावरून स्पष्ट झाले.

शहराच्या दक्षिणेस सुमारे ८ किमीवर त्रिरश्मी डोंगरात कोरलेली २४ बौद्ध लेणी 'पांडवलेणी' या नावाने ओळखली जातात. पांडवांशी त्यांचा संबंध केवळ लोककथेतील आहे. लेणी इसवी सनपूर्व पहिल्या शतकापासून पुढे काही शतके खोदली गेली. लेणे क्र. १८ हे चैत्यगृह असून उर्वरित लेणी प्रामुख्याने भिक्षूंच्या निवासाचे विहार आहेत. ब्राह्मी लिपीतील व प्राकृत भाषेतील शिलालेख हे या लेण्यांचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य होय. लेणे क्र. ३ मधील लेखात सातवाहन सम्राट गौतमीपुत्र सातकर्णी याच्या पराक्रमाचे वर्णन त्याची आई गौतमी बलश्री हिच्या नावे कोरलेले आहे. क्षहरात वंशाचा उच्छेद केल्याचा उल्लेख त्यात आहे. याच क्षहरातांपैकी क्षत्रप नहपान याचा जावई उषवदात याने लेणे क्र. १० कोरवून घेतले. एकमेकांचे शत्रू असलेल्या दोन घराण्यांची दाने अशा रीतीने एकाच डोंगरात शेजारी नांदत आहेत.

उषवदाताचा एक लेख आर्थिक इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचा मानला जातो. त्याने गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ३,००० कार्षापणांची कायम ठेव ठेवली. त्यांपैकी २,००० कार्षापणांवर दरमहा शेकडा १ व उरलेल्या १,००० वर दरमहा शेकडा पाऊण असे व्याज ठरले. पहिल्या ठेवीचे वार्षिक व्याज २४० कार्षापण होते व त्यातून लेण्यात वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी मिळावेत, अशी तरतूद होती. मूळ रक्कम मोडायची नाही, केवळ व्याज वापरायचे, हे त्यामागील तत्त्व. लेखातील गोवर्धन म्हणजे शहराच्या पश्चिमेचे, गंगापूरजवळील आजचे गोवर्धन गाव, असे अभ्यासक मानतात. देशातील सर्वाधिक परिचित वाइनरींपैकी एक आज याच गावाच्या हद्दीत आहे.

नहपान व गौतमीपुत्र यांच्यातील संघर्षाचा दुसरा पुरावा सिन्नर तालुक्यातील जोगलटेंभी येथे १९०६ मध्ये सापडला. तेथील साठ्यात नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी होती व त्यांतील बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा उमटवलेला होता. नाण्यांच्या अभ्यासासाठी त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरी येथे १९८० मध्ये भारतीय मुद्राशास्त्र संशोधन संस्था स्थापन झाली.

मध्ययुगातील वास्तूंमध्ये सिन्नरचे गोंदेश्वर मंदिर उल्लेखनीय आहे. यादवकालीन या पंचायतन मंदिरात मध्यवर्ती शिवमंदिराभोवती चार लहान मंदिरे आहेत. शहराच्या उत्तरेस म्हसरूळजवळ गजपंथ हे जैनांचे सिद्धक्षेत्र आहे. त्याच दिशेच्या रामशेज किल्ल्याने १६८२ पासून सुमारे साडेपाच वर्षे मोगल फौजांना दाद दिली नाही.

पेशवेकालीन शहर

आजच्या जुन्या नाशिकचा बराचसा चेहरा अठराव्या शतकात घडला. नारोशंकर राजेबहाद्दर यांनी १७४७ मध्ये गोदाकाठी रामेश्वराचे मंदिर बांधले. ते नारोशंकराचे मंदिर म्हणूनच ओळखले जाते. त्याच्या प्रवेशद्वारावरील मोठी घंटा पोर्तुगीज बनावटीची असून वसईच्या विजयानंतर ती येथे आणल्याचे सांगतात. नदीला पूर आला की पाणी कुठवर चढले हे नाशिककर या घंटेवरून व जवळच्या दुतोंड्या मारुतीवरून मोजतात. गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी १७५६ मध्ये सुंदरनारायणाचे मंदिर बांधले. त्र्यंबकेश्वर येथील ज्योतिर्लिंगाचे विद्यमान काळ्या पाषाणातील मंदिर नानासाहेब पेशव्यांनी उभारण्यास घेतले. सराफ बाजारालगतचा सरकारवाडा हा पेशव्यांच्या कारभाराची साक्ष देतो.

पंचवटीतील काळाराम मंदिर सरदार रंगराव ओढेकर यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधले. त्याचा काळा दगड रामशेजच्या डोंगरातून आणला गेला. या मंदिराचे महत्त्व केवळ स्थापत्याचे नाही. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाला मंदिरप्रवेश नाकारला जात होता. त्याविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली २ मार्च १९३० रोजी येथे सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड यांनी तो स्थानिक पातळीवर नेटाने चालवला. सत्याग्रह सुमारे पाच वर्षे सुरू राहिला, तरी मंदिराचे दरवाजे उघडले गेले नाहीत. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी नाशिक जिल्ह्यातीलच येवला येथे, हिंदू म्हणून जन्मलो असलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही, अशी घोषणा आंबेडकरांनी केली. काळाराम मंदिरास भेट देणाऱ्यांसाठी रामायणातील पंचवटी व १९३० चा सत्याग्रह हे दोन्ही संदर्भ त्यामुळे तितकेच महत्त्वाचे ठरतात.

आधुनिक काळात १८४० मध्ये स्थापन झालेले सार्वजनिक वाचनालय, २१ डिसेंबर १९०९ रोजी अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या ते विजयानंद नाट्यगृह, त्र्यंबकेश्वर येथे जन्मलेले चित्रपटमहर्षी दादासाहेब फाळके यांचे पांडवलेण्यांच्या पायथ्याचे स्मारक व कवी कुसुमाग्रज यांचे निवासस्थान ही शहराची ओळख सांगणारी ठिकाणे आहेत. तांब्यापितळेची भांडी घडवणाऱ्या तांबट कारागिरांची परंपरा जुन्या शहरात दीर्घकाळ चालत आली आहे.

द्राक्षशेती

नाशिकची द्राक्षे वाइनमुळे प्रसिद्ध झाली नाहीत. उलट खाण्याच्या द्राक्षांचा अनुभव हा वाइनचा पाया ठरला. ओझर परिसरात १९२५ च्या सुमारास व्यापारी द्राक्षशेतीचा प्रारंभ झाल्याचे मानले जाते. पुढे थॉमसन सीडलेस व तिच्यापासून निवडलेल्या बिनबियांच्या जातींमुळे निफाड, पिंपळगाव बसवंत व दिंडोरी हा पट्टा देशातील अग्रगण्य निर्यातक्षम भाग बनला.

फ्रान्समध्ये द्राक्षवेल हिवाळ्यात पूर्णपणे सुप्त होते, वसंतात फुटते व तिची तोडणी साधारणतः सप्टेंबरात होते. नाशिकच्या उष्ण हवामानात वेलीला अशी नैसर्गिक विश्रांती मिळत नाही. म्हणून बागायतदार वर्षातून दोन छाटण्या घेतात. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी करून नवीन काडी तयार केली जाते. पावसाळा सरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, गोडी छाटणी म्हणजेच फळछाटणी करून घड घेतले जातात. परिणामी द्राक्षे जानेवारी ते मार्च या काळात, दिवस उबदार व रात्री थंड असताना पिकतात. दोन गोलार्धांत जे ऋतूच्या फरकाने घडते ते येथे छाटणीच्या तंत्राने साधले जाते. या वेळापत्रकाचा धोका म्हणजे अवकाळी पाऊस व गारपीट. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपिटीने तोडणीला आलेल्या बागांचे मोठे नुकसान झाले.

वाइन उद्योगाचा उदय

महाराष्ट्रात आधुनिक वाइननिर्मितीचा पहिला ठळक प्रयत्न १९८० च्या दशकात पुणे जिल्ह्यातील नारायणगाव येथे शामराव चौगुले यांनी फ्रेंच तंत्रसाहाय्याने केला. नाशिकमध्ये राजीव सामंत यांनी १९९७ मध्ये वाइनच्या जातींची लागवड केली व २००० मध्ये 'सुला'ची पहिली वाइन बाजारात आली. त्याआधी या भागात मुख्यतः खाण्याचीच द्राक्षे होती. शनँ ब्लाँ, सोव्हिन्यों ब्लाँ, शिराझ व कॅबर्ने सोव्हिन्यों या जाती त्यानंतर रुजल्या.

राज्य शासनाने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले. राज्यातील द्राक्षांपासून बनवलेल्या वाइनला उत्पादन शुल्कात सवलत मिळाली आणि नाशिक जिल्ह्यातील विंचूर व सांगली जिल्ह्यातील पलूस येथे वाइन पार्क स्थापन झाले. पुढील काळात गंगापूर, दिंडोरी, निफाड व इगतपुरी परिसरात अनेक वाइनरी उभ्या राहिल्या. फ्रान्समधील मोएत हेनेसी कंपनीने दिंडोरी येथे वाइनरी उभारून २०१३ मध्ये 'शाँदों' ही फसफसणारी वाइन बाजारात आणली. 'नाशिक व्हॅली वाइन' या नावास भौगोलिक मानांकनही मिळाले आहे.

ही वाढ सरळ रेषेत झाली नाही. २००८ ची जागतिक मंदी व त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मुंबईत झालेला दहशतवादी हल्ला यांमुळे हॉटेल व पर्यटन व्यवसाय मंदावला व वाइनची मागणी घटली. खरेदी थांबल्याने वाइनच्या जाती लावलेल्या अनेक शेतकऱ्यांना वेली उपटाव्या लागल्या. या जातींची फळे लहान, बियांची व जाड सालीची असल्याने ती खाण्यासाठी विकता येत नाहीत. वाइनरीने पाठ फिरवली की शेतकऱ्यापुढे दुसरा ग्राहक उरत नाही. जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांतून वाइनविक्रीस परवानगी देण्याचा निर्णय घेतला. शेतकऱ्यांना बाजार मिळेल हा त्यामागील युक्तिवाद होता, तर मद्यपानास प्रोत्साहन मिळेल असा आक्षेप विरोधकांनी घेतला. वादानंतर तो निर्णय अमलात आला नाही.

वाइन पर्यटन

पर्यटकांची सर्वाधिक वर्दळ गंगापूर धरणाच्या परिसरात असते. शहरातून गंगापूर रस्त्याने पश्चिमेकडे निघाले की प्रथम आनंदवल्ली लागते. राघोबादादा पेशवे यांचे येथे वास्तव्य होते व त्यांची पत्नी आनंदीबाई यांच्या नावावरून गावास हे नाव पडले. पुढे सोमेश्वराचे मंदिर व गोदावरीचा धबधबा, त्यानंतर गंगापूर व गोवर्धन ही गावे आणि १९६५ मध्ये पूर्ण झालेल्या मातीच्या धरणाचा जलाशय येतो. द्राक्षबागा व वाइनरी याच जलाशयाच्या आसपास आहेत.

बहुतेक वाइनरींमध्ये मार्गदर्शकासह फेरी असते. तीत द्राक्षे चिरडण्याचे यंत्र, थंड तापमानात किण्वन होणाऱ्या पोलादी टाक्या व काही रेड वाइन मुरवण्याची ओकची पिंपे दाखवली जातात. व्हाइट वाइनसाठी साल वेगळी करून केवळ रस आंबवतात, तर रेड वाइनसाठी सालीसह आंबवतात, कारण रंग व तुरटपणा सालीत असतो. फेरीच्या शेवटी चव घेण्याची सोय असते. मद्यसेवनाच्या कायदेशीर वयाखालील व्यक्तींना ती दिली जात नाही. तोडणीचा हंगाम, म्हणजे जानेवारी ते मार्च, हा भेटीसाठी उत्तम काळ मानला जातो. याच सुमारास निफाड तालुक्यातील नांदूर मध्यमेश्वर या पक्षी अभयारण्यात स्थलांतरित पक्षी आढळतात. हे अभयारण्य महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ आहे.

हरसूल व पश्चिमेचा आदिवासी पट्टा

गंगापूरचा हाच रस्ता पुढे गिरणारे व वाघेरा मार्गे हरसूलला जातो. हरसूल हे त्र्यंबकेश्वर तालुक्यातील, गुजरातच्या सीमेजवळचे बाजाराचे गाव आहे. येथील प्रदेश गोदावरीच्या खोऱ्याबाहेर, सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर असून त्याचे पाणी अरबी समुद्राकडे वाहते. कोकणा, वारली व महादेव कोळी हे येथील प्रमुख समाज होत. भात, नागली, वरई व उडीद ही पावसावरची पिके घेतली जातात. पाऊस भरपूर पडूनही उतारावरून तो वाहून जात असल्याने उन्हाळ्यात पाणीटंचाई भासते.

बोहाडा हा या पट्ट्याचा ठळक सांस्कृतिक वारसा आहे. होळीनंतरच्या महिन्यांत गावोगावी रात्री संबळ व पिपाणीच्या साथीने देव-दैत्यांची सोंगे मुखवटे लावून नाचवली जातात. ठराविक सोंग नाचवण्याचा मान पिढ्यान्पिढ्या ठराविक घराण्याकडे असतो. पेठ, सुरगाणा, जव्हार व मोखाडा भागांतही ही परंपरा आढळते. तारपा या दुधी भोपळ्यापासून बनवलेल्या वाद्यावरील नृत्य व वारली चित्रकला हेही येथील जीवनाचे अंग आहे.

द्राक्षपट्ट्याशी हरसूलचे नाते श्रमाचे आहे. भाताची कापणी आटोपल्यावर हरसूल, पेठ व सुरगाणा भागांतील कुटुंबे छाटणी, घडांची विरळणी व तोडणी या कामांसाठी नाशिक, दिंडोरी व निफाडच्या बागांकडे जातात. गिरणारे येथे हंगामात सकाळी मजुरांचा बाजार भरतो. बागायतदार तेथे येऊन मजुरी ठरवतात व टोळ्या घेऊन जातात. खाण्याच्या द्राक्षांचा प्रत्येक घड अनेकदा हाताखालून जातो, त्यामुळे या श्रमांवाचून बाग उभी राहू शकत नाही. वाइनरीत येणारे पर्यटक मात्र बहुधा धरणापाशीच थांबतात.

फ्रेंच वाइननगरांशी तुलना

फ्रान्समधील सेंत-एमिल्यों या मध्ययुगीन गावात खडक कोरून घडवलेले चर्च आहे व गावाभोवतीच्या द्राक्षबागांसह हा संपूर्ण प्रदेश १९९९ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाला. बोन या गावात १४४३ मध्ये निकोला रोलँ यांनी गरिबांसाठी रुग्णालय स्थापन केले. त्यास दान मिळालेल्या द्राक्षबागांतील वाइनचा लिलाव १८५९ पासून भरतो व उत्पन्न धर्मादाय कार्यास जाते. मूळ धन राखून उत्पन्नातून लोकोपयोगी खर्च चालवण्याची ही पद्धत उषवदाताच्या ठेवीशी मिळतीजुळती आहे. फरक इतकाच की बोनमध्ये वाइन हीच वारशाची पोशिंदी आहे. नाशिकमध्ये वाइन पर्यटन व जुने शहर यांत अशी कोणतीही परंपरागत सांगड नाही.

संवर्धन व प्रश्न

पांडवलेणी, गोंदेश्वर यांसारखी स्मारके संरक्षित आहेत. जुन्या नाशिकमधील लाकूड-विटांचे खासगी वाडे मात्र संरक्षणाबाहेर असून मालकीहक्काचे वाद, भाडेकरू व दुरुस्तीचा खर्च यांमुळे ते पावसाळ्यात कोसळण्याच्या घटना घडतात. गोदापात्रातील प्राचीन कुंडांचे काँक्रिटीकरण व नदीत मिसळणारे सांडपाणी हेही वादाचे विषय ठरले असून काँक्रीट काढून कुंडे मोकळी करण्याची मागणी न्यायालयापर्यंत गेली आहे.

पाण्याचा प्रश्न या सर्वांना जोडतो. गंगापूर धरणाच्या पाण्यावर शहराची तहान, कुंभमेळ्याचे स्नान, उद्योग व बागायती शेती अवलंबून आहे. टंचाईच्या वर्षी त्यातूनच मराठवाड्यातील जायकवाडी धरणासाठी पाणी सोडावे लागते व त्यावरून वाद होतात. लेणी, घाट, द्राक्षबागा व गोदाकाठची वस्ती ही सर्व एकाच नदीवर उभी असल्याने नाशिकच्या वारशाचे संवर्धन अखेरीस गोदावरीच्या संवर्धनापासून वेगळे करता येत नाही.